दरड आणि दैव

डोंगर कोसळला की ‘निसर्ग कोपला’ म्हणावे, दोन दिवस हळहळावे व तिसऱ्या दिवशी विसरून जावे, ही आमच्या सुशिक्षित समाजाची रीतच होऊन बसली आहे. या रीतीस आमचा स्पष्ट विरोध आहे. विचुंब्याहून पूर्वेस पाहिले असता माथेरान व प्रबळगडाचे डोंगर दिसतात. त्यांच्याच शेजारच्या इरशाळगडाच्या अंगावरील ४८ कुटुंबांची ठाकरांची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली सापडली. २७ प्रेते हाती लागली. ५७ माणसे अखेरपर्यंत मिळाली नाहीत.

हिमालयात किंवा आल्प्स पर्वतात बर्फाची दरड सुटते, तेव्हा तेथील जाणते लोक कोपाची भाषा बोलत नाहीत. उतार ३० ते ४५ अंशांचा आहे काय, नवे हिम किती पडले, वाऱ्याने ते कोठे साठवले, खालचा थर कच्चा आहे काय, हे ते नित्य तपासतात आणि धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी त्या दिवसाची पायरी जाहीर करतात. आमच्या संरक्षण खात्याचे शास्त्रज्ञही हिमालयापुरते हे काम करतात. सह्याद्रीतील दरडीचे मूळ तत्त्व याहून फारसे निराळे नाही. कातळावरच्या मातीत पाणी मुरते, तिचा भार वाढतो, कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि उतार खाली येतो. इरशाळवाडीच्या परिसरात त्या तीन दिवसांत सुमारे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. माळीण २०१४ साली गेले, तळिये २०२१ साली गेले, इरशाळवाडी २०२३ साली गेली. तिन्ही वेळा महिना जुलैचाच होता. दैव इतके नियमित असते काय?

यावर सांगण्यात आले की, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. आमच्या मते हा बचाव नसून कबुलीजबाब आहे. उतार वर्षानुवर्षे तोच राहतो, त्यावरील भार मात्र रोज बदलतो. तेव्हा एकदा केलेली यादी कितीही चांगली असली, तरी आज रात्री काय होईल हे ती सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे लोक डोंगर सोडावयास तयार नसतात. शेत, गुरे व रान सोडून त्यांनी जावे कोठे, हे आक्षेपकांनी प्रथम सांगावे. शिवाय ‘कायमचे उठा’ म्हणणे निराळे आणि ‘आजची रात्र खाली काढा’ म्हणणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीस वाडीत एक पर्जन्यमापक, तो वाचणारा गावचाच एक शिकलेला मुलगा, आणि पायथ्याशी माणसांस व गुरांस पुरेल असा कोरडा निवारा, एवढे पुरे आहे. पुढच्या जुलैपूर्वी ते होणे अशक्य नाही.

पावसाळी सहलीस निघण्यापूर्वी आम्ही पावसाचा अंदाज न चुकता पाहतो. ज्यांच्या अंगणातून आम्ही गडावर चढतो, त्यांच्या ओट्यापर्यंत मात्र तो पोहोचतो की नाही, याची चौकशी आम्ही करीत नाही. ती चौकशी तालुक्याच्या कचेरीत जाऊन, लेखी आणि पुनःपुन्हा करणे हे आम्हा शिकलेल्यांचे कर्तव्य आहे. ते टाळून केलेली हळहळ कोणाच्याही उपयोगाची नाही.