घुमटातील घोषणा आणि बराकीतील हिशेब

14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री भारताच्या स्वातंत्र्याची घोषणा ज्या वास्तूत झाली, तिचा इतिहास सांगण्याची एक ठराविक रीत राज्यकर्त्यांनी रूढ केली आहे. ल्युटेन्स आणि बेकर यांचा आराखडा, 1921 ची कोनशिला, 1927 चे उद्घाटन, 9 डिसेंबर 1946 ची संविधान सभेची पहिली बैठक आणि मग ती मध्यरात्र! 2023 साली संसद नव्या इमारतीत गेली, जुन्या वास्तूला ‘संविधान सदन’ हे नाव मिळाले आणि इतिहास जणू पूर्ण झाला.

परंतु त्या घुमटाखाली केवळ परकी सत्तेचा शेवट जाहीर झाला नव्हता. दारिद्र्य, अज्ञान, रोगराई आणि संधीची विषमता संपविण्याचे काम पुढे आहे, असे पंतप्रधान नेहरूंनी त्याच भाषणात बजावले होते. घोषणा ही हुंडी असते. ती वटली की नाही, हे ती जेथे लिहिली गेली तेथे नव्हे, तर जेथे वसूल व्हायची तेथे पाहावे लागते. ज्या सभेने ही हुंडी लिहिली, ती प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. म्हणूनच समाजवादी 1946 साली तिच्यापासून दूर राहिले. जनतेच्या नावे दिलेले वचन जनतेलाच लढून वसूल करावे लागेल, ही त्यांची शंका अनाठायी नव्हती.

वसुलीचे असेच एक ठिकाण उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली. दोन हजारांहून अधिक बराकींची. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबे या बराकींत आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी छावणीला ‘उल्हासनगर’ हे नाव दिले. ‘छोडो भारत’ ठरावाला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती. नाव उल्हासाचे मिळाले. पत्ता मात्र आजही ‘कॅम्प नंबर’ आणि ‘बराक नंबर’ असाच लिहिला जातो.

उल्हासनगरचे कारखाने आणि बाजारपेठा दाखवून पुनर्वसन यशस्वी झाल्याचे सांगितले जाते. हे यश सरकारचे नव्हे. पापड लाटणाऱ्या बायका, फेरीवाले, शिलाईकामगार आणि शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये राबलेले कामगार यांनी ते उभे केले. सरकारच्या वाट्याचे काम होते पक्क्या हक्काचे सुरक्षित घर देण्याचे. विस्थापितांच्या भरपाईचा 1954 चा कायदा 2005 साली रद्द झाला. सनदेसाठीचे हेलपाटे त्याबरोबर रद्द झाले नाहीत. बराकींच्या जागी मजल्यावर मजले चढत असताना प्रशासन डोळे मिटून बसले. न्यायालयाने बडगा उगारल्यावर 2006 साली बांधकामे नियमित करण्याचा खास कायदा आला. दंड भरा आणि अधिकृत व्हा! बिल्डर पैसे घेऊन मोकळा, दंड राहणाऱ्याच्या माथी. मे 2021 मध्ये पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे चिरडली गेली. त्यांतील एक इमारत नेहरू चौकालगत होती.

हा प्रश्न एकट्या सिंधी समाजाचा समजणे ही घोडचूक ठरेल. त्याच युद्धात धावपट्टीसाठी अंबरनाथजवळील नेवाळी परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. स्वातंत्र्य आले, जमिनी आल्या नाहीत. जून 2017 मध्ये हे शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची गाठ पोलिसांशी पडली. निर्वासिताला मिळाली ती छावणी लष्कराची, शेतकऱ्याची गेली ती जमीनही लष्करासाठीच. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे राजकारण दोघांचाही घात करते.

अंबरनाथचे इ. स. 1060 चे शिवालय पुरातत्त्व खाते जपते. ते जपलेच पाहिजे. दिल्लीतील घुमटही जपावा. परंतु वास्तू जपणे आणि वचन पाळणे यांतील फरक झाकण्यासाठी स्मारकांचा उपयोग होत असेल, तर त्याविरुद्ध बोलणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. 2022 साली ‘हर घर तिरंगा’चा गजर झाला. घराघरावर ध्वज लावा म्हणणाऱ्यांना, त्या घराचा कागद कोठे आहे, असे विचारणारा आवाज मात्र क्षीण होता.

तो बुलंद झाला पाहिजे. धोकादायक इमारतींची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, सनदेचे प्रलंबित दावे मुदत घालून निकाली काढावेत, घर रिकामे करण्याआधी पर्यायी निवारा द्यावा आणि नेवाळीच्या जमिनींचा न्याय्य निवाडा व्हावा. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत, सिंधी आणि मराठी वस्त्यांतून, या मागण्या एकत्र उठल्या पाहिजेत. मध्यरात्रीच्या त्या घोषणेचा उरलेला इतिहास लिहिण्याचे काम दिल्लीवर सोपवून चालणार नाही.