चकाकीचा जीर्णोद्धार

जुनी वस्तू नव्यासारखी दिसू लागली म्हणजे ती वाचली, असा समज अलीकडे फार दृढ झाला आहे. इंग्लंड-अमेरिकेत जुनी घरगुती यंत्रे जमविणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील उभा व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे लांब दांड्याला कापडी पिशवी लटकविलेले आणि गालिच्यावरून चाकांवर ढकलीत न्यायचे ते धूळ ओढणारे यंत्र, हा या वर्गाच्या विशेष प्रीतीचा विषय होय. अशी यंत्रे माळ्यावरून आणि तळघरांतून बाहेर काढली जातात. त्यांचे ॲल्युमिनियम आरशासारखे घासले जाते, मुठीला नवे काळे लुकण चढते, जुनी पिशवी जाऊन कोऱ्या कापडाची येते, आणि यंत्र काचेच्या कपाटात विराजमान होते. सगळेच संग्राहक असे करीत नाहीत. यंत्र चालते करून ते वापरणारेही त्यांत आहेत. पण वाहवा होते ती कपाटातल्या यंत्राची, आणि या खटाटोपाला नाव दिले जाते ते जीर्णोद्धाराचे.

जीर्णोद्धार या शब्दाला मराठीत एक निश्चित अर्थ आहे. देवळाचे शिखर नव्याने रंगविले, ओवऱ्यांना चुना लावला, पण गाभाऱ्यात दिवा लागला नाही, तर जीर्णोद्धार झाला असे कोणी म्हणत नाही. वास्तूची पडझड दुरुस्त करायची ती तिच्यात जे चालत होते ते पुन्हा चालावे म्हणून. यंत्राच्या बाबतीत पूजा म्हणजे त्याचे काम. धूळ ओढण्यासाठी घडविलेले यंत्र धूळ ओढीत नसेल, तर त्याच्या अंगावर कितीही तेज आणले तरी त्याचा उद्धार झालेला नसतो. झालेले असते ते केवळ प्रसाधन.

या यंत्राच्या जन्मकथेत चकाकीला कोठेही स्थान नाही. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ ओढण्याचे जे यंत्र केले ते घोडागाडीवरून दारी येई. रस्त्यावर उभे राहून ते खिडक्यांतून आत लांबच लांब नळ्या सोडी. ती श्रीमंतांच्या दारची सेवा होती. एका माणसाच्या हाताने ढकलता येईल असे विजेचे उभे यंत्र व्यवहारात आणले ते ओहायो राज्यातील कँटन गावच्या जेम्स मरे स्पँगलर याने. तो एका दुकानात झाडलोट करी, आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा उसळे. १९०७ साली त्याने पत्र्याची पेटी, पंखा, विजेची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामग्रीतून आपले यंत्र जुळविले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. त्याच वर्षी विल्यम हेन्री हूवर याने त्याचे हक्क घेतले. हूवर हा खोगिरे आणि घोड्यांचा चामडी साज बनविणारा; मोटारगाडीच्या आगमनाने आपल्या धंद्याचे दिवस भरत आले आहेत हे त्याने ओळखले होते. धाप लागलेल्या एका झाडूवाल्याने आपला श्वास वाचविण्यासाठी केलेली ही जोडणी. तिच्या वंशजांचे मोल आरशासारख्या पृष्ठभागावरून ठरवावे, यापरता विपर्यास नाही.

यंत्राची रचना पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मोटार पंखा फिरविते. पंख्याच्या ओढीने गालिचा किंचित वर उचलला जातो. मोटारीवरूनच रबरी पट्ट्याने फिरणारा ब्रशचा रूळ त्यावरून घासत जातो. १९२६ च्या 'मॉडेल ७००' मध्ये या रुळावर धातूच्या दांड्या बसविण्यात आल्या. हवेच्या उशीवर तरंगणाऱ्या गालिच्याला त्या ठोके देत आणि खोल रुतलेली रेती सैल करीत. अंगणात गालिचा टांगून काठीने बडविण्याचे जुने काम यंत्राने असे आपल्या पोटात घेतले. धूळ थेट पंख्याच्या पात्यांमधून जाऊन पिशवीत पडे. त्यामुळे पाती झिजत, पट्टा ताणला जाई, ब्रशचे केस आखूड होत, मोटारीचे कार्बन ब्रश संपत. ही झीज घडविणाऱ्याने गृहीतच धरली होती. जे झिजणार ते सुटे करून बदलता यावे, अशी सोय त्याने ठेवली होती.

खऱ्या जीर्णोद्धाराचा नियम येथेच सापडतो. यंत्रात दोन प्रकारचे भाग असतात. पट्टा, कार्बन ब्रश, रुळाचे केस, वंगण, विजेची तार हे खर्ची पडण्यासाठीच असतात. ते बदलल्याने यंत्राच्या सत्याला बाध येत नाही. जुन्या तारेचे रबर तडकलेले असते. ती बदलणे आणि विजेच्या सुरक्षिततेची नीट तपासणी करून घेणे हे तर कर्तव्यच आहे. दुसरे भाग साक्षीदार असतात: ओतीव धातूचे अंग, दांड्याची मूठ, पिशवी. त्यांच्यावर उमटलेले असते ते यंत्राचे चरित्र. पॉलिशवाले नेमके उलटे करतात. जे बदलायचे ते गंजलेल्या अवस्थेत आत राहू देतात, आणि जे राखायचे ते घासून पुसून टाकतात. मोटार उघडणे, कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक पृष्ठभागाच्या किंचित खाली कोरणे, वाळून दगड झालेले वंगण काढणे ही कामे दिसत नाहीत. म्हणून त्यांची हौसही नसते.

आणि हे चरित्र कोणाचे? अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' या १९८३ च्या ग्रंथात दाखवून दिले, की घरगुती यंत्रांनी गृहिणीचे श्रम अपेक्षेप्रमाणे कमी केले नाहीत. स्वच्छतेची अपेक्षाच वाढली, आणि पूर्वी नोकरचाकर, पुरुष व मुले यांच्यात वाटले जाणारे काम एकट्या बाईच्या अंगावर आले. वर्षातून एकदा-दोनदा बडविला जाणारा गालिचा आठवड्याला साफ होऊ लागला. मुठीवर तळव्याने पडलेली झिलई, पलंगाच्या पायांवर आपटून खरचटलेली कड, पिशवीला घातलेली रफू ही त्या श्रमाची लिपी आहे. त्या बाईने रोजनिशी लिहिली नसेल; तिच्या कामाचा उरलेला लेख तो एवढाच. संग्राहक तो लेख वाचण्यापूर्वीच पुसतो, आणि पुसून झाल्यावर म्हणतो, की आपण इतिहास जपला.

या पुसण्याला शास्त्राचाही आधार नाही. बेकेलाइटच्या वरच्या पापुद्र्यात राळ अधिक असते. तो घासून काढला की आतला भुसा उघडा पडतो आणि वस्तू पहिल्यापेक्षा लवकर निस्तेज होते. हेन्री ड्रेफस याने रेखाटलेल्या १९३६ च्या 'मॉडेल १५०' मध्ये मॅग्नेशियमचा उपयोग केलेला होता. हा धातू घासताना निघणारी बारीक भुकटी पेट घेऊ शकते. ॲल्युमिनियमवर पॉलिशचा प्रत्येक हात थोडा धातू घेऊन जातो, आणि ओतकामात उठवलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्हींत तथ्यांश आहे. पहिला असा, की कारखान्यातून निघताना यंत्र चकाकतच होते. मग त्याला मूळ रूप दिले तर बिघडले कुठे? परंतु ते मूळ तेज नेमके किती होते हे आज वस्तू पाहून सांगता येत नाही; हौसेने चढविलेले तेज कारखान्यातल्यापेक्षा जास्तच असते. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिने जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापनेने थांबावे असे म्हटले आहे. घरगुती यंत्राला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप संग्रहालयांचा: यंत्र चालविले की मूळ भाग झिजतात, म्हणून ते चालवू नये. 'मॉडेल ओ'सारख्या दुर्मीळ वस्तूपुरता हा आक्षेप मान्य करावाच लागेल. पण मग तिला पॉलिशचा हातही लागता कामा नये. जपायचे असेल तर पॉलिश घातक, चालवायचे असेल तर ते अनावश्यक. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी त्याला जागा उरत नाही.

चकाकी स्वतः दोषी नाही. महाराष्ट्रातल्या घरांतून तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई केली जात असे. तिचेही तेज डोळ्यांत भरे. पण ते तेज आमटी कळकू नये यासाठी होते, आणि चुलीवर चढून पुन्हा उतरण्यासाठी होते. तीच भांडी आज बाहेरून लखलखीत आणि आतून बिनकल्हईची होऊन दिवाणखान्यात बसली आहेत. व्हॅक्यूम क्लीनरचे जे झाले तेच त्यांचे झाले.

हूवर कंपनीच्या लंडनमधील कारखान्याचे भाग्यही याहून निराळे नाही. पश्चिम लंडनमध्ये पेरिव्हेल येथे १९३३ साली खुली झालेली ती पांढरीशुभ्र इमारत वॉलिस, गिल्बर्ट आणि भागीदार या वास्तुशिल्पींनी उभारली. तेथे क्लीनर तयार होत. १९८० च्या दशकात उत्पादन थांबले. १९९२ मध्ये मागच्या बाजूला एक बाजारपेठी दुकान आले, आणि पुढे दर्शनी इमारतीत सदनिका झाल्या. दर्शनी भाग वाचला याचा आनंदच आहे. पाडून टाकण्यापेक्षा हे बरे. परंतु यंत्र जुळविणारे हात आणि त्या हातांचे कसब तेथून गेले ते गेलेच. अमेरिकेतील नॉर्थ कँटनचा मूळ कारखानाही २००७ मध्ये बंद पडला. मोठे घर आणि पोकळ वासा, ही म्हण या दर्शनी जतनाला जशीच्या तशी लागू पडते.

हा वाद केवळ छंदिष्टांचा असता तर त्यासाठी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. प्रश्न दुरुस्तीच्या संस्कृतीचा आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमाने व्हॅक्यूम क्लीनरची मोटार किमान ५०० तास चालली पाहिजे असे ठरविले. २०१७ पासून ही अट लागू झाली. आठवड्याला एक तास वापर धरला तर हे आयुष्य दहा वर्षांनाही पुरत नाही. एवढे किमानही कायद्याने सांगावे लागते, यातच काय ते आले. २०२४ मध्ये त्याच संघाने दुरुस्तीच्या हक्काचा आदेश काढला. भारत सरकारनेही २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळ सुरू केले. हक्क कागदावर आला तरी तो बजावणारे हात लागतात, आणि ते हात अशा जुन्या, उघडता येणाऱ्या यंत्रांवरच तयार होतात. पट्टा कसा चढवावा, आर्मेचर कसे तपासावे, जळका वास कोठून येतो हे कपाटातले यंत्र कोणालाही शिकवीत नाही.

म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्याने क्रम बदलला पाहिजे. आधी मोटार उघडावी, तार बदलावी, पट्टा आणि कार्बन ब्रश नवे घालावेत, वंगण द्यावे; पिशवी फाटली असेल तर जुन्या रफूशेजारी नवी रफू घालावी. अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि तेथेच थांबावे. त्यानंतर यंत्र गालिच्यावर ठेवून कळ दाबावी. पिशवी फुगली आणि गालिच्यातली रेती तिच्यात जमा झाली, तर जीर्णोद्धार पुरा झाला. मुठीवरचा जुना डाग तसाच राहिला तरी चालेल. किंबहुना, तो राहिलाच पाहिजे.