वेष्टनात बांधलेली श्रुती

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपल्या बस्त्यांमधून पोथ्यांची मिरवणूक निघते. जुनी वेष्टनं सोडायची, नवी रेशमी घालायची, अर्घ्य द्यायचं, आरती करायची. पोथी पालखीत ठेवण्याचा सवाल कुणी किती रुपयांना घेतला, त्याची चर्चा आठवडाभर चालते. पोथीत काय आहे, याची चर्चा एक मिनिटही होत नाही. श्रुत म्हणजे ऐकलेलं. ऐकलेलं पुढच्याच्या कानावर घालायचं असतं म्हणून त्याची पूजा करतात. आपण ते बांधून ठेवतो आणि त्या गाठीला नमस्कार करतो.

आज मला याच धातूतून आलेल्या दुसऱ्या शब्दाबद्दल बोलायचं आहे, श्रुतीबद्दल. कानाला वेगळा म्हणून ओळखता येईल असा नादातला बारीकात बारीक फरक म्हणजे श्रुती. सप्तकात अशा २२ मानल्या आहेत. ही नुसती कल्पना नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात त्यासाठी प्रयोग सांगितला आहे. दोन वीणा एकसारख्या लावायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरीचे स्वर पायरीपायरीने उतरवायचे आणि कुठला स्वर कुठल्या स्वराला जाऊन मिळतो ते कानाने ओळखायचं. ज्यांना हे फार शास्त्रीय वाटेल त्यांनी मिरजेचा एक तंबोरा नीट जुळवून त्यात आपोआप उमटणारा गंधार ऐकावा आणि मग पेटीचा गंधार दाबावा. सप्तकाचे १२०० सेंट केले, तर पहिला सुमारे ३८६ वर आणि दुसरा ४०० वर. चौदा सेंटांचा फरक! आकड्यात तो किरकोळ वाटेल, पण तंबोऱ्यावर गाणाऱ्या बाईला तो दातात खडा आल्यासारखा कळतो.

या श्रुतींवरून शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात मोठा वाद झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून, स्वरांची मापं काढून १९१० साली पुण्याहून इंग्रजीत पुस्तक छापलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने १९१३ मध्ये त्यावर आणखी काम केलं. श्रुतींची वेगळी पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे प्रमुख आयोजक होते. श्रुतींवर आणि त्या पेटीवर तिथे वाद झाला, एकमत झालं नाही.

आता बायांनो, यात आपला संबंध काय, तो ऐका. संगीतसमयसार नावाचा ग्रंथ आहे. नाव ऐकूनच कुंदकुंदाचार्य आठवले ना? कर्ता पार्श्वदेव, दिगंबर जैन, साधारण तेराव्या शतकातला. ग्रंथात त्याची एक पदवी दिली आहे, श्रुतिज्ञानचक्रवर्ती. नाद, आलप्ती, देशी राग, वाद्य, नृत्य, ताल, सगळ्यांवर त्याने लिहिलं. हा ग्रंथ छापून आला १९२५ साली, तोही त्रिवेंद्रमच्या संस्कृत मालेत. म्हणजे बडोद्याची परिषद संपून नऊ वर्षं झाल्यावर. आचार्य बृहस्पतींनी संपादून दिल्लीहून तो पुन्हा काढला, तेव्हा १९७७ साल उजाडलं होतं. देशभरचे पंडित श्रुतींसाठी भांडत होते आणि आपला श्रुतिज्ञानचक्रवर्ती हस्तलिखितातच पडून होता.

दुसरं उदाहरण सुधाकलशाचं. हा श्वेतांबर साधू. त्याने १३२४ साली संगीतोपनिषद् लिहिलं आणि सव्वीस वर्षांनी, १३५० मध्ये, स्वतःच त्याचं सार काढलं. ते सार उमाकांत शहांनी संपादित केलं आणि १९६१ मध्ये बडोद्याच्याच प्राच्य ग्रंथमालेत छापून आलं. परिषदेनंतर पंचेचाळीस वर्षांनी, त्याच गावात! मूळ ग्रंथ मात्र आजवर हाती आलेला नाही. तो वाळवीने खाल्ला असेल, नदीत सोडला असेल, किंवा एखाद्या भांडारात ‘किरकोळ’ असं लिहिलेल्या गठ्ठ्यात असेल. जिथे यादीच केलेली नाही, तिथे ‘आमच्याकडे नाही’ असं म्हणायचाही आपल्याला हक्क नाही.

यादी मागायला गेलं की काय होतं, ते मी अनुभवलं आहे. एका जुन्या बस्तीत चौकशी केली. किल्ली ट्रस्टींकडे, ट्रस्टी परगावी. दुसऱ्यांदा गेले तर उत्तर मिळालं, ‘शास्त्राला बायकांनी हात लावायचा नाही.’ तिसऱ्यांदा एका सद्गृहस्थाने समजूत घातली, ‘ताई, आपण वीतरागाचे उपासक. गाण्याबजावण्याच्या पोथ्या तुम्हाला कशाला पाहिजेत?’

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे द्यायचं आहे, कारण तो अनेकांच्या मनात असतो. वीतरागाची पूजा आपण मुक्याने करतो काय? अभिषेकापासून आरतीपर्यंत सगळं गाऊनच होतं. श्वेतांबरांच्या स्थानांग आणि अनुयोगद्वार या आगमांत सात स्वरांचं प्रकरण आहे. आगमाला स्वरांचा विटाळ झाला नाही, तो आमच्या ट्रस्टींना कसा होतो? आणि ज्यांना राग नको, त्यांनी पंचकल्याणकाला भिंती हादरवणारे डीजे कशासाठी बोलावले, तेही सांगावं. संगीत वर्ज्य नाही, अभ्यास वर्ज्य आहे, असंच म्हणा की सरळ.

राहिला बायकांच्या हाताचा प्रश्न. धवला, जयधवला हे सिद्धांतग्रंथ शतकानुशतकं मूडबिद्रीत फक्त दर्शनासाठी होते. सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांसारख्यांनी खटपट केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल सुरू झाली. ती करणाऱ्यांत मिरजेचे गजपती उपाध्ये होते. बाहेर न्यायला परवानगी नव्हती, तरी त्यांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली आणि या कामात त्यांची विदुषी पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मदतीला होती. ती प्रत बाहेर पडली, तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या, आणि १९३९ साली हिरालाल जैनांनी अमरावतीहून धवलेचा पहिला खंड काढला. कुणी याला चोरी म्हणेल. मी म्हणते, श्रुतपंचमीला आपण ज्या ग्रंथाचा जयजयकार करतो, तो आपल्या घरात येण्यामागे एका बाईचेही कष्ट आहेत. तिचं नाव किती जणींना ठाऊक आहे? तिच्या लेकीसुनांना ‘हात लावू नका’ म्हणण्याचा अधिकार कुणाला कुणी दिला?

म्हणून महिला मंडळांनी पुढच्या श्रुतपंचमीला नवी वेष्टनं शिवून देण्याआधी एक अट घालावी. ज्या पोथीचं वेष्टन बदलेल, तिचं नाव, कर्ता, लिपी आणि पानांची संख्या वहीत लिहिली जाईल, पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो निघेल. लिपी वाचता आली नाही तर तसं लिहावं, वाचणारा शोधता येतो. फोटो तर आता प्रत्येकीच्या पिशवीतला फोन काढतो. दुसरं काम घरातलं. जुन्या बायकांना येणाऱ्या पूजेच्या आणि पदांच्या चाली ध्वनिमुद्रित करा, मागे जुळवलेला तंबोरा ठेवून, पेटी बंद करून. त्या बायकांच्या गळ्यातला गंधार कुठल्याच ताडपत्रावर नाही. तो एकदा गेला की त्याची नक्कल करायला दुसरी लक्ष्मीबाईही उपयोगाची नाही.

अट मान्य नसेल तर वेष्टनं शिवू नका. पोथीला एक वर्ष जुनं वस्त्र चालेल. न वाचता आणखी एक वर्ष काढणं तिला परवडणार नाही.