वयाचे कुंपण

राजधानी क्षेत्रातील भिवाडी येथे ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी स्वतंत्र निवासी वसाहत उभी राहिली आहे. अशा वसाहतीस ‘वानप्रस्थ’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो शब्द येथे लागू पडत नाही. मनुस्मृतीतील वानप्रस्थ हा ज्याचा त्याने केलेला संकल्प आहे, आणि अन्य आश्रमांचा आधार तेथे गृहस्थच मानला आहे. वयाचा दाखला मागणारे प्रवेशद्वार ही आधुनिक निर्मिती होय.

तिची गरज नाकारता येत नाही. पोटच्या मुलांच्या घरीही वृद्धाचा मान राहतोच असे नाही, हे शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने १९७० मध्येच दाखविले. प्रश्न आहे तो नियमनाचा. अमेरिकेने १९८८ मध्ये मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास कायद्याने बंदी केली आणि ज्येष्ठांच्या वसाहतींना सूट दिली. मात्र किमान ८० टक्के वसलेल्या घरांत ५५ वर्षांची एक तरी व्यक्ती असावी, असे बंधन घातले. आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांचा उल्लेख आहे; वयाचा नाही. केंद्राची २०१९ची निवृत्तिनिवासविषयक तत्त्वे केवळ नमुन्यादाखल आहेत.

अशा वसाहतीत राहणाऱ्या आजीवर उद्या पोरक्या नातवाचा भार आला, तर तिने घर सोडावे की नातू? हा निर्णय संस्थेच्या उपविधींवर सोपविणे न्याय्य नव्हे. सवलत कायद्याने द्यावी, आणि तिच्या मर्यादाही कायद्यानेच आखाव्यात.