कढीपत्त्यावरचा कॅटरपी

दौंडहून एका बहिणीचा प्रश्न आला आहे. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाने अंगणातल्या कढीपत्त्यावर जाडजूड हिरवी अळी पाहिली आणि “अम्मी, कॅटरपी!” असं ओरडत तो घरात आला. अम्मीने झुरळांच्या औषधाचा फवारा उचलला, तर मुलगा झाडापुढे आडवा उभा राहिला. संध्याकाळी शिरूरहून चाचा आले. त्यांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा मुद्दाच वेगळा निघाला. ते म्हणाले, हे पोकेमॉन हराम ठरलेलं आहे, घरात त्याचं नावसुद्धा नको. आता बहीण विचारते, “अळी मारू की टीव्ही बंद करू? मुलगा दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही.”

ज्या दादी-नानींना हे पोकेमॉन म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘पॉकेट मॉन्स्टर’ या दोन शब्दांचं ते लहान रूप, म्हणजे खिशात मावणारे राक्षस. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर हा खेळ आला. खेळणाऱ्याने रानोमाळ हिंडायचं, वेगवेगळे प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि एका वहीत त्यांची नोंद पुरी करायची. त्या वहीचं नाव पोकेडेक्स. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते, आज ते हजाराच्या वर गेले आहेत. पुढे त्याचं कार्टून निघालं आणि २००३ पासून ते आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर हिंदीत दिसू लागलं. आज ज्यांची मुलं तिसरी-चौथीत आहेत, त्यांतल्या कित्येक अम्मी-अब्बांनी स्वतःच लहानपणी ते पाहिलं असेल. पिकाचू सगळ्यांना माहीत असतो. कॅटरपी हा त्या वहीतला दहाव्या क्रमांकाचा प्राणी. हिरवी अळी, मोठे डोळे आणि डोक्यावर लाल रंगाचं दुबेळकं शिंग. शत्रू आला की त्या शिंगातून ती घाण वास सोडते. खेळात सातव्या पातळीवर तिचा कोष होतो, दहाव्या पातळीवर फुलपाखरू.

बहिणीच्या मुलाने कढीपत्त्यावर जे पाहिलं, ते बरोबर हेच आहे. मुलगा चुकलेला नाही.

कढीपत्ता, लिंबू, मोसंबी, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं. लिंबावरचं फुलपाखरू, काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेलं, या झाडांच्या कोवळ्या पानांवर एकेक करून अंडी घालतं. अंडं पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला काळपट-पांढरी असते, हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी. पान खायला आलेल्या चिमणीला वाटावं, ही तर आपलीच घाण. चार वेळा कात टाकली की ती एकदम हिरवी होते आणि पुढच्या भागावर डोळ्यांसारखी नक्षी येते. ते खरे डोळे नव्हेत, खरं डोकं त्याच्या खाली बारीक असतं. आता तिला काडीने हलकेच डिवचा. मानेमागून नारिंगी-लाल, इंग्रजी वाय अक्षरासारखं दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि आंबट उग्र वास सुटतो. क्षणभराने शिंग पुन्हा आत. मुंग्या आणि कोळी या वासाने मागे हटतात. जपानमध्येही लिंबूवर्गीय झाडांवर याच कुळातल्या फुलपाखराची अशीच हिरवी, शिंगवाली अळी असते.

पोकेमॉनचा कर्ता सातोशी ताजिरी हा १९६५ साली जन्मलेला, टोकियोच्या कडेला माचिदा भागात वाढलेला. तेव्हा तिथे शेतं होती, डबकी होती, झाडी होती. हा मुलगा दिवसभर किडे गोळा करायचा, बरोबरीची मुलं त्याला ‘डॉक्टर किडा’ म्हणायची. मग शहर वाढलं, डबकी बुजली, किडे गेले. मोठेपणी त्याने दोन गेम बॉय एका वायरीने जोडलेले पाहिले, तेव्हा त्याच्या मनात त्या वायरीवरून सरपटत जाणारे किडेच आले. नव्या मुलांना आपल्या लहानपणाचा तो छंद निदान पडद्यावर तरी मिळावा, हे त्याच्या मनात होतं. रांजणगावची एमआयडीसी आणि पुणे-नगर रस्त्याच्या कडेची वाढती घरं बघणाऱ्या शिरूरकरांना ही गोष्ट फार परकी वाटू नये. आपल्याकडे फरक इतकाच की कढीपत्ता अजून अंगणात आहे.

आता चाचांच्या मुद्द्याकडे. तो त्यांनी मनाने काढलेला नाही. २००१ मध्ये सौदी अरबच्या वरिष्ठ उलमांनी पोकेमॉनविरुद्ध फतवा दिला होता आणि तिथे हा खेळ व त्याचे पत्ते यांच्यावर बंदी आली. त्यातली दोन कारणं आपल्या कामाची आहेत. एक, या पत्त्यांचा व्यवहार जुगारासारखा आहे. दुसरं, प्राणी एकातून दुसरा होतो हे दाखवून खेळ उत्क्रांतीचा विचार मुलांच्या मनात भरतो. अशी नाराजी फक्त मुसलमानांचीच होती असंही नाही. २०१६ मध्ये मोबाइलवरचा पोकेमॉन गो आला, तेव्हा मंदिरांच्या जागी खेळातली अंडी दिसतात म्हणून गुजरात हायकोर्टात याचिका झाली होती. आणि काळाची गंमत पाहा. २०२५ मध्ये पोकेमॉन गो चालवणारा धंदा स्कोपली नावाच्या कंपनीने साडेतीन अब्ज डॉलरला घेतला, आणि ती कंपनी सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीच्या मालकीची आहे. यावरून फतवा खोटा ठरत नाही. धंद्याचे निर्णय आणि दीनचे निर्णय एका तराजूत घालू नयेत. पण “तिकडे बंदी आहे” एवढंच सांगून मुलाला गप्प करायचं असेल, तर मोबाइल हातात असलेला मुलगा हेही शोधून काढेल, एवढं ध्यानात ठेवा.

उत्क्रांतीबद्दल माझं मत वेगळं आहे. घोळ शब्दाचा आहे. जपानी खेळात या बदलाला जो शब्द घातला, त्याचा अर्थ उत्क्रांती असाच होतो आणि इंग्रजीतही तोच गेला. पण विज्ञानात उत्क्रांती म्हणजे असंख्य पिढ्यांत होणारा बदल. एकाच जिवाने एका आयुष्यात अळीचा कोष आणि कोषाचं फुलपाखरू होणं याला उत्क्रांती म्हणत नाहीत, त्याला रूपांतरण म्हणतात. ते मानायला कुठला सिद्धांत लागत नाही, कढीपत्त्याची एक कुंडी पुरते. तुमच्या-माझ्या घरात रेशमी साडी आहे, ती याच रूपांतरणाच्या मधल्या टप्प्यावरची. तेव्हा कॅटरपी पाहून मुलाचा ईमान डळमळेल ही भीती मला वाटत नाही.

पत्त्यांची भीती मात्र मला खरी वाटते. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत काय आहे ते ठाऊक नाही, एखादा दुर्मीळ चमकदार पत्ता निघेल या आशेने दुसरं घ्यायचं, तिसरं घ्यायचं. मोठ्यांनी लॉटरीचं तिकीट घेतलं तर आपण टोकतो, मग हे काय आहे? त्यापुढची पायरी म्हणजे पत्ते लावून खेळणं: जो जिंकेल, त्याने समोरच्याचे पत्ते घ्यायचे. कुरआनने ज्याला मैसिर म्हटलं, तो प्रकार मुलांच्या खिशात याच वाटेने शिरतो, पाच-दहा रुपयांपासून. मोबाइलच्या खेळात तर पाकीटही दिसत नाही, नाणी आणि पास विकत घेताना पैसे थेट अब्बांच्या खात्यातून जातात. माझा सल्ला सरळ आहे. बंद पाकिटं नकोत, जिंकण्या-हरण्यावर पत्त्यांची देवघेव नको, आणि मोबाइलवर पैसे भरायचा मार्ग पासवर्ड घालून बंद करा. कार्टूनची वेळ ठरवून द्या, नमाजच्या आणि अभ्यासाच्या आड येऊ देऊ नका. ज्यांना चित्रांबद्दल किंवा आणखी कशाबद्दल शंका असेल, त्यांनी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना जरूर विचारावं. पण त्यांच्याकडे जाताना “पोकेमॉन हराम का?” एवढंच विचारू नका, मूल नेमकं काय करतं ते सांगा. बघतं, की पैसे लावतं? उत्तर त्यावर अवलंबून राहील.

आणि प्राण्यांची यादी करण्याच्या या वेडाला घाबरायचं कारण नाही. ते आपल्याच घरातलं जुनं वेड आहे. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने ‘किताब अल-हयवान’ लिहिली, सात खंड, आणि त्यात हत्तीपासून माशीपर्यंत सगळे आले. चौदाव्या शतकात कैरोचे अद-दमीरी यांनी ‘हयात अल-हयवान’ रचली. ते मूळचे फिकह आणि हदीसचे अभ्यासक. त्यांच्या ग्रंथात प्राण्यांच्या हजारावर नोंदी आहेत, अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या. प्रत्येक प्राण्याचं नाव, सवयी, तो खाणं हलाल की नाही, त्याच्यावरच्या म्हणी, औषधी उपयोग, इतकंच काय, तो स्वप्नात आला तर अर्थ काय हेही. त्यात अन्कासारखा कोणी न पाहिलेला पक्षीही आहे. पोकेडेक्स घेऊन बसलेल्या मुलाला हे सांगून बघा, त्याचे कान टवकारतील. कुरआनातल्या सूरहांची नावं तर त्याला मक्तबमध्ये शिकवलेलीच असतात: मधमाशी, मुंगी, कोळी. किड्याकडे नीट बघणं हे पोरकटपणाचं काम नाही, हे त्याला तिथूनच समजावता येतं.

बघायला पाठवताना मात्र एक सांभाळा. “टीव्ही बंद कर, बाहेर जाऊन खरे प्राणी बघ,” असं आपण सहज म्हणतो. शिरूर तालुक्यात ते सहज म्हणायची सोय राहिलेली नाही. उसात बिबट्या आहे, २०२५ मध्ये पिंपरखेडला मुलं त्याच्या हल्ल्यात गेली, त्या घरांचं दुःख ताजं आहे. खेळातला राक्षस चेंडूत बंद होतो, उसातला होत नाही. भीमेच्या आणि घोडनदीच्या काठच्या वस्त्यांवर संध्याकाळनंतर मुलाला शेताच्या कडेला एकटं सोडू नका. कढीपत्त्याची कुंडी दारात आहे, तिथे दिवसाउजेडी बघा.

आता अळीचं काय करायचं? श्रीगोंद्याकडे किंवा आपल्याकडे ज्यांच्या लिंबाच्या बागा आहेत, ते म्हणतील ही कीडच आहे, आणि ते खरं बोलतील. लिंबाच्या लहान रोपाची सगळी पानं ती फस्त करू शकते. रोपं लहान असतील तर अळ्या हाताने वेचून काढाव्या लागतात, त्यात गुन्हा नाही. पण दारातल्या वाढलेल्या कढीपत्त्याचं दोन-तीन अळ्यांनी काही बिघडत नाही, खाल्लेल्या फांदीला पुन्हा पालवी येते. झुरळांचं औषध त्यावर मारणं हे मात्र सर्वांत वाईट. ती पानं उद्या तुमच्याच डाळीच्या फोडणीत पडणार आहेत. बहिणीने फवारा मारलाच असेल, तर त्या झाडाची पानं आता स्वयंपाकात घेऊ नयेत. नवी पालवी फुटेपर्यंत बाजारातला कढीपत्ता आणावा.

मुलाला सांगा, एक अळी तुझी. तिला झाडावरच राहू दे, डबीत कोंडू नकोस. हवं तर फांदीवर जाळीचं कापड सैल बांधा, म्हणजे पाखरं उचलणार नाहीत. वहीत रोज एक ओळ लिहू दे: किती लांब, कुठला रंग, किती पानं खाल्ली. हिरवी झाल्यावर काही दिवसांत ती खाणं सोडून हिंडू लागते, मग एखाद्या काडीला शेपटीकडून चिकटते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते, विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या पट्ट्यासारखा. दुसऱ्या दिवशी कोष. हिरव्या पानांत असेल तर बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर असेल तर तपकिरी. आत जुनं शरीर बरंचसं विरघळतं आणि पंख, पाय, सोंड नव्याने घडतात. याला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, थंडीत जास्त.

कधी कधी कोषातून फुलपाखरू निघतच नाही. कोष काळा पडतो, त्याला बारीक भोकं दिसतात आणि आतून गांधीलमाशीच्या जातीचे चिमुकले कीटक बाहेर येतात. त्यांनी आधीच त्यात अंडी घातलेली असतात. कार्टूनमध्ये असं होत नाही, त्यामुळे मूल रडेल. त्याला खोटं सांगू नका, जे झालं ते दाखवा.

सगळं सुरळीत झालं, तर आदल्या दिवशी कोषातून काळे-पिवळे पंख दिसू लागतात. फुलपाखरू बहुधा सकाळी निघतं, तेव्हा मुलाला फजरनंतर पुन्हा झोपू देऊ नका. बाहेर आलेले पंख चुरगळलेल्या ओल्या रुमालासारखे असतात आणि ते हळूहळू भरत जातात. खाली रंगीत द्रवाचे थेंब पडतील, ते रक्त नाही. पंख वाळायला तास-दीड तास लागतो. तोवर हात लावू नये, आणि जाळी बांधली असेल तर ती आधीच सोडून ठेवावी.