गोल दिसतो, पास दिसत नाही

अप्रेझलचे दिवस आले की आमच्याकडे दरवर्षी एक गंमत होते. सोमवारी मोठ्या हॉलमध्ये 'टीमवर्क'वर प्रेझेंटेशन असतं. त्यात हमखास आइस हॉकीतल्या वेन ग्रेट्झ्कीचा फोटो आणि पक कुठे जाणार ते आधीच ओळखण्याबद्दलचं त्याचं ते सगळ्या जगाने झिजवलेलं वाक्य. टाळ्या, सामोसे, चहा. आणि शुक्रवारी लीड आणि मॅनेजर मंडळी दार लावून बसतात आणि त्याच टीमला बेल कर्व्हवर चढवतात. सोमवारी आपण सगळे एक कुटुंब, शुक्रवारी त्यातले दहा टक्के कुचकामी. तेही आधीच ठरवून!

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांना कर्व्ह लावायचाय त्यांनी खुशाल लावावा, पण मग हॉकीवाल्यांचे फोटो दाखवू नयेत. कारण त्या खेळाचा सगळा हिशोबच या पद्धतीच्या उलटा आहे.

आता आपण पुण्याची माणसं. बर्फ बघायचा तो उसाच्या रसात. ऑनसाइटला कॅनडात दोन हिवाळे काढले नसते तर मलाही यातलं काही कळलं नसतं. म्हणून थोडक्यात सांगतो. गोलकीपर धरून एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात. पक म्हणजे रबराची चकती. गोल झाला की मारणाऱ्याच्या नावावर एक पॉइंट. पण त्याला पास देणाऱ्यालाही एक पॉइंट, आणि त्याच्या आधी पास देणाऱ्यालाही एक. अर्धा नाही, पाव नाही, पूर्ण एक.

आता ग्रेट्झ्कीचे आकडे बघा. एनएचएलमध्ये त्याचे गोल ८९४. हा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये अलेक्झांडर ओव्हेच्किनने मोडला. पण त्याचे असिस्ट, म्हणजे गोल होण्याआधीचे पास, आहेत १९६३. एकूण पॉइंट २८५७. दुसऱ्या नंबरावर यारोमिर यागर, गोल आणि असिस्ट मिळून १९२१. म्हणजे ग्रेट्झ्कीचे सगळे गोल वहीतून खोडून टाकले तरी तो नुसत्या पासांवर पहिलाच राहतो! आणि हे जगाला कळलं, कारण वही ठेवणाऱ्याने पास मोजले. आमच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये पासाला रकानाच नाही.

बरं, ग्रेट्झ्की राहू दे. तो काय, कुठल्याही कर्व्हवर वरच बसला असता. त्याच्याच एडमंटन ऑइलर्समधला केव्हिन लोव घ्या. हा डिफेन्सचा माणूस. ग्रेट्झ्कीने १९८१-८२ च्या एका हंगामात ९२ गोल केले. लोवने १९ हंगामांत आणि १२५४ सामन्यांत मिळून किती? ८४. नुसत्या गोलांवर कर्व्ह लावला असता तर लोवसाहेबांच्या हातात पहिल्याच वर्षी पत्र पडलं असतं. प्रत्यक्षात त्याच्या नावावर सहा स्टॅनले कप आहेत, ग्रेट्झ्कीच्या नावावर चार. ऑगस्ट १९८८ मध्ये ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, त्यानंतर त्याला कप मिळाला नाही. ऑइलर्सनी मात्र १९९० मध्ये त्याच्याशिवाय जिंकून दाखवला, आणि लोव तेव्हा तिथेच होता. २०२० मध्ये त्याची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली. उशीर झाला, पण त्यांची वही निदान दुरुस्त तरी होते.

याच दोघांचा एक किस्सा ग्रेट्झ्कीने आत्मचरित्रात सांगितलाय. १९८३ च्या फायनलमध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी ऑइलर्सना चारही सामन्यांत हरवलं. आयलंडर्सचा तो सलग चौथा कप. हरल्यावर हे दोघं विजेत्यांच्या ड्रेसिंग रूमवरून निघाले होते. आत धिंगाणा चालला असेल असं वाटलेलं. बघतात तर जिंकलेले लोक गुडघ्यांवर, खांद्यांवर बर्फाच्या पिशव्या लावून बसलेले. आणि हे हरलेले, बऱ्यापैकी धडधाकट! जिंकायचं म्हणजे काय ते आपल्याला तिथे कळलं, असं तो म्हणतो. पुढच्याच वर्षी त्याच आयलंडर्सना हरवून ऑइलर्सनी पहिला कप घेतला.

मला या किश्श्यातून स्पर्धेबद्दल एवढंच कळतं, की खरी स्पर्धा समोरच्याशी असते आणि तिची किंमत आतले सगळे मिळून मोजतात. सुजलेला गुडघा चोळताना शेजारच्याचं रेटिंग आपल्याहून कमी कसं राहील याचा विचार कोण करतो?

यातली कडी म्हणजे, हे दहा टक्क्यांचं खूळ ज्यांनी गाजवलं ते जॅक वेल्च स्वतः शाळेत आइस हॉकी खेळायचे. ते १९८१ ते २००१ जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख होते. वरचे वीस, मधले सत्तर, खालचे दहा, ही वाटणी त्यांची. आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलंय, की एक सामना हरल्यावर त्यांनी रागाने स्टिक फेकली आणि आई थेट ड्रेसिंग रूममध्ये घुसून सगळ्यांसमोर ओरडली. आईचा धडा त्यांनी जन्मभर लक्षात ठेवला. पण त्या दिवशी आपल्याला हरवणारी पोरं दुसऱ्या शाळेची होती, आपल्या बाकावरची नव्हती, हे मात्र विसरले.

आता कुणीतरी म्हणेल, "अरे, हॉकीत काय सगळे संत आहेत का? तिथेही बाहेर बसवतात, विकतात, ग्रेट्झ्कीलासुद्धा विकलं!" बरोबर आहे. नाकारत नाही. बर्फावर जास्त वेळ मिळावा म्हणून एकाच टीममधले लोक झगडतात, आणि जो खेळत नाही त्याला घरी पाठवतात. पाठवावंच. माझं भांडण त्याच्याशी नाही, कोट्याशी आहे. सामन्यासाठी वीस जण तयार असतात. यातले दोघं कप जिंकला तरी वाईटच ठरले पाहिजेत, असं हंगामाआधी ठरवणारा कोच मला दाखवा. उलट कप जिंकला की ठरलेले सामने खेळलेल्या सगळ्यांची नावं त्यावर कोरतात. ग्रेट्झ्कीचं अक्षर मोठं आणि लोवचं बारीक, असं नसतं.

हे सगळं मी बाहेर उभा राहून बोलतोय असं समजू नका. त्या शुक्रवारच्या खोलीत एकदा मीही होतो, लीड म्हणून. आठ जणांतला एक खाली टाकायचा होता. आमच्यात एक होता, मोडलेले बिल्ड रात्री उठून दुरुस्त करणारा, फ्रेशर्सना शेजारी बसवून शिकवणारा. त्याचं स्वतःचं असं चमकदार मॉड्यूल नव्हतं. "व्हिजिबिलिटी कमी आहे," कुणीतरी म्हणालं. मी मान डोलावली. माझं स्वतःचं रेटिंग त्याच आठवड्यात ठरायचं होतं, दुसरं कारण नाही. तीन महिन्यांत तो गेला. त्यानंतरचा रिलीज कसा गेला ते विचारू नका. पण त्याहून वाईट म्हणजे फ्रेशर्सच्या शंकांना कुणी उत्तर देईना. पोरं हुशार होती, काय मोजतात आणि काय नाही ते त्यांना बरोबर कळलं होतं.

मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही सक्तीची उतरंड बंद केली. बाकी कित्येक ठिकाणी फक्त नाव बदललं. आता त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, नॉर्मलायझेशन म्हणतात. गाढवाला घोडा म्हटलं म्हणून ते शर्यत जिंकत नाही.

असो. तुमच्यातले बरेच जण आज ना उद्या त्या खोलीत बसणार आहेत. जाण्याआधी टीममधल्या प्रत्येकाला एकच विचारा, "या वर्षी तुला पास कुणी दिला? दोन नावं सांग." जे नाव पुन्हा पुन्हा येईल, ते खाली टाकायची वेळ आली तर मान डोलावू नका. मी डोलावली होती.