बाटलीतली सफाई आणि टाकीतली भेसळ

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की हल्ली बिलात एक ओळ हमखास वाढलेली असते: 'फ्युएल ॲडिटिव्ह'. विचारलं तर काउंटरवरचा पोरगा सांगतो, "सर, इंजिन आतून साफ राहतं, ॲव्हरेज वाढतं." आतलं नेमकं काय साफ होतं, असं विचारलं की तो दुसऱ्या ग्राहकाकडे वळतो. बाटलीत काहीच दम नसतो, असं माझं म्हणणं नाही. पण ती काय करते आणि काय करू शकत नाही, हे न सांगता ती सरसकट सगळ्यांच्या माथी मारली जाते.

पेट्रोल जळताना कार्बनचा थर साचतो. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत तो बसला की फवारा बिघडतो, गाडी झटके खाते, पेट्रोल जास्त पिते. चांगल्या बाटलीत पॉलिइथर अमाइन नावाचा डिटर्जंट असतो, तो हा थर खरोखर सोडवतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, त्यामुळे तोही धुतला जातो. आता अनेक नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. तिथे इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोल शिवतच नाही, मग टाकीत ओतलेलं औषध त्याला लागणार कसं?

डिझेलचं तर आणखी वेगळं. त्यात ईजीआर धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवतो. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो. आमच्या मोहल्ल्यातले गॅरेजवाले उस्ताद हे एका वाक्यात सांगतात, "मियाँ, डिझेल का रास्ता अलग, धुएँ का रास्ता अलग." तो थर भाग खोलून हातानेच काढावा लागतो. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाला जे कळतं, ते चकचकीत शोरूममध्ये ग्राहकाला का सांगितलं जात नाही?

हौशी गाडीवाल्याला दोन-चारशे रुपये जड नसतात. पण टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्याला भीती दाखवून बाटली विकली, की तेवढेच पैसे एअर फिल्टर आणि वेळेवरच्या ऑइलमधून कापले जातात. इंजिन टिकतं ते याच दोन गोष्टींवर.

अमेरिकेत 1995 पासून पंपावरच्या प्रत्येक पेट्रोलमध्ये असा डिटर्जंट घालणं सक्तीचं आहे. तिथे ही जबाबदारी तेल विकणाऱ्यावर टाकली गेली. आपल्याकडे मात्र सफाईची जाहिरात प्रीमियम पेट्रोलच्या नावावर, चढ्या दराने होते. साधं पेट्रोल भरणाऱ्याच्या इंजिनाला सफाई नको असते का?

आणि मुळात टाकीत येणारं इंधन शुद्ध आहे का, हा प्रश्न कुठलीच बाटली सोडवत नाही. महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळखोरांनी जिवंत जाळलं. इंधनातली भेसळ पकडायला एका अधिकाऱ्याने जीव गमावला, आणि आपण मात्र पंपावर फिल्टर पेपर मागायला लाजतो.

तो मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. नोझल पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं. गडद डाग राहिला तर शंका घ्या. घनता विचारा, शंका आली तर पाच लिटरचं माप लावायला सांगा. याला एक रुपयाही लागत नाही.

इंजेक्टर तुंबल्याची लक्षणं असतील तर मिस्त्रीला विचारून एखादी बाटली जरूर वापरा. बाकी वेळी बिलातली ती ओळ खोडायला सांगा. न विचारता लावलेल्या वस्तूचे पैसे नाकारायला इंजिनाचं शास्त्र यावं लागत नाही.